न लागलेले सुतक

2017 सालच्या 22 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात, ओलेथ नावाच्या गावातल्या एका बारमध्ये, श्रीनिवास कुचीभोतला या 32 वर्षांच्या अभियंत्याला एका गोऱ्या माणसाने गोळ्या घालून ठार मारले. माझ्या देशातून चालते व्हा, असे तो माणूस ओरडला होता. श्रीनिवास हैदराबादचा, घरी तेलुगू बोलणारा. पण त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या ज्या ज्या घरातले मूल अमेरिकेत होते त्या प्रत्येक घराने त्याला आपला मानला. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला त्याची आई विनवत होती, की दुकानात किंवा रस्त्यावर असताना फोनवर मराठीत बोलत जाऊ नकोस आणि अंधार पडल्यावर उगाच बाहेर राहू नकोस. कोणी तिकडच्या राजकारणावर लिहिले, कोणी बंदुकांच्या कायद्यावर, आणि त्या बारमधला एक गोरा तरुण मध्ये पडला, मारेकऱ्याला अडवायला गेला आणि त्यानेही गोळी खाल्ली, याबद्दल सगळ्यांनीच गहिवरून लिहिले. ती भीती खरी होती, शोकही खरा होता, आणि मी त्यात सगळ्यांच्या बरोबरीने होतो.

त्यानंतर पाच आठवडे उलटण्याच्या आत, 27 मार्चला, दिल्लीला लागून असलेल्या ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ला केला. एका मॉलमध्ये काळ्या मुलाला फरशीवर पाडून खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या डब्यांनी मारतानाची चित्रफीत देशभर फिरत होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गटावर गुढ्यांची छायाचित्रे येत होती, श्रीखंडाच्या वाट्या येत होत्या, आणि त्यात माझ्या एका भाच्याने ती चित्रफीत टाकली. तिच्याखाली कोणीतरी लिहिले, ‘ड्रग्ज विकतात हे लोक.’ त्याखाली पुन्हा नववर्षाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

आपल्याकडे सुतकाचा हिशेब चोख असतो. कोणाचे दहा दिवस, कोणाचे तीन, कोणाचे नुसत्या आंघोळीने फिटते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. कधी न पाहिलेला, लांबच्या गावचा चुलत-चुलत काका गेल्याचे कळले तरी घरातली पूजा थांबते आणि ठरलेले कार्य पुढे ढकलले जाते. मी स्वतः हे फारसे पाळणारा नव्हे. पण त्या पाडव्याला जाणवले, की रक्ताच्या नात्यापलीकडच्या मरणांचाही असाच एक हिशेब आपण मनाशी ठेवलेला असतो आणि तोही तितकाच चोख असतो. नोएडातली ती मुले सुदैवाने वाचली. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, मे 2016 मध्ये, दिल्लीच्या वसंतकुंज भागात रिक्षावरून झालेल्या वादात काँगोहून आलेल्या एका तरुणाला ठेचून मारले गेले होते. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी त्यानंतर ‘आफ्रिका दिना’च्या सरकारी समारंभावर बहिष्कार घालण्याची भाषा केली, इतके ते प्रकरण चिघळले, आणि आमच्या गटावर, आमच्या कार्यालयात, आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

ओलेथच्या बाबतीत आपण मेलेल्याच्या नात्यातले होतो, त्यामुळे कसे वागायचे हे आपल्याला आपोआप कळले. वसंतकुंजच्या आणि नोएडाच्या बाबतीत आपण मारणाऱ्यांच्या नात्यातले आहोत. मारणारा आपल्या घरातला असेल तर काय पाळायचे, किती दिवस पाळायचे, कोणाच्या दारात जाऊन बसायचे, हे मला कोणत्याही वडीलधाऱ्याने सांगितलेले नाही. निषेध करता येतो, पत्रक काढता येते, पण ती परक्याच्या अपराधावर बोलण्याची रीत आहे, आणि हे लोक मला परके नाहीत. मॉलमध्ये खुर्ची उचलणारा तो तरुण माझ्या भाच्याच्या वयाचा होता, तसल्याच चेक्सच्या शर्टात होता, आणि घरी गेल्यावर त्याच्या आईने त्याला जेवायला वाढले असणार.

नोएडाच्या त्या घटनेचा क्रम पुढे मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण त्यात मला सगळ्यात जास्त छळणारी एक गोष्ट आहे. बारावीत शिकणारा तिथला एक स्थानिक मुलगा शुक्रवारी संध्याकाळी बेपत्ता झाला. शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला पळवले अशी आवई उठली, आणि तेवढ्यावर न थांबता, त्यांनी त्याला मारून खाल्ले असेही लोक बोलू लागले. जमाव त्या विद्यार्थ्यांच्या घरात शिरला आणि शिजवून ठेवलेला मुलगा सापडतो का ते पाहण्यासाठी त्यांचा फ्रीज उघडून तपासला गेला. शनिवारी मुलगा स्वतःच्या पायांनी घरी परतला, पण त्याची प्रकृती बिघडली होती आणि तो दगावला. अमली पदार्थांचा संशय व्यक्त झाला. पोलिसांनी पाच नायजेरियन विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. सोमवारी त्या मुलाला श्रद्धांजली वाहण्यासाठी आणि न्यायाच्या मागणीसाठी लोक मेणबत्त्या घेऊन निघाले, आणि त्याच मोर्चातून फुटलेल्या जमावाने रस्त्यात दिसेल त्या काळ्या माणसाला मारले.

म्हणजे तिथे शोक होता. आईबापांचा आक्रोश खरा होता, शेजाऱ्यांची हळहळ खरी होती, मुलगा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता. बहुतेक दंगली द्वेषातून पेटतात असे आपण सोयीने समजतो. ही पेटली ती एका पोराच्या मरणाच्या दुःखातून, आणि त्या दुःखाला धरून बसण्याऐवजी लोकांना ते कोणाच्या तरी अंगावर टाकून मोकळे व्हायचे होते. अंगावर टाकायला समोर कोण असावे, हे मात्र दुःखाने ठरवले नाही. ते फार आधी ठरलेले होते. फ्रीज उघडणाऱ्याच्या मनात नरभक्षकाचे चित्र शुक्रवारी संध्याकाळी उमटले नसेल. ते लहानपणीच्या चित्रकथांतून, विनोदांतून, ‘हबशी आला बघ, तुला घेऊन जाईल’ असे म्हणून भरवलेल्या घासांतून तिथे आले आहे. मॉलमध्ये कोणीही आपल्या मदतीला आले नाही, असे मार खाल्लेल्या एका विद्यार्थ्याने नंतर सांगितले. ओलेथच्या बारमध्ये तो एक जण मध्ये पडला होता. इथे पाहणारे पुष्कळ होते आणि त्यांतले काही मोबाइल वर धरून उभे होते, म्हणून तर आपल्याला ते सगळे इतके स्पष्ट दिसले.

अशा वेळी सरकारांचे बोलणे ठरलेले असते, मग सरकार कोणाचेही असो. ही सामान्य गुन्हेगारी आहे, याला वंशद्वेषाचे नाव देऊ नका. 2016 मध्ये दिल्लीत आफ्रिकी लोकांवर पाठोपाठ हल्ले झाले तेव्हा तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री म्हणाले, की किरकोळ बाचाबाचीला माध्यमे भलते रूप देत आहेत. त्याच्या तीन वर्षे आधी, 2013 च्या ऑक्टोबरअखेरीस, गोव्यात पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवून धरला, तेव्हा गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती. खून झालेल्याच्या जातभाईंनाच रोग ठरवले की खुनाबद्दल वेगळे काही बोलावे लागत नाही.

पण आफ्रिकेतून आलेली माणसे निदान कागदोपत्री तरी परदेशी आहेत. निडो तानिया परदेशी नव्हता. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराचा हा मुलगा, पंजाबात शिकणारा, विशीच्या उंबरठ्यावरचा. 29 जानेवारी 2014 रोजी तो दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये मित्रांबरोबर एक पत्ता शोधत होता. एका दुकानात पत्ता विचारायला थांबला, तिथल्या लोकांनी त्याच्या रंगवलेल्या केसांवरून आणि चेहऱ्यावरून टिंगल केली, त्याने रागाने काच फोडली, आणि त्याला मारहाण झाली. पोलीस आले. त्यांनी काय केले, तर समझोता घडवून आणला. काचेची भरपाई त्या मुलाने भरली. टिंगलीची भरपाई कोणी मागितली नाही आणि मारहाणीची नोंद करण्याची कोणाला निकड वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठलाच नाही. अंगातल्या मुक्या माराने त्याचा जीव गेला होता.

मला त्या समझोत्याचे फार वाटते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस चौकीत बसून आलेल्या माणसाला तो प्रसंग न सांगता दिसेल: लाकडी बाक, टेबलावर डायरी, दोन्ही बाजूंना खाली बसवून ‘कशाला वाढवता, मिटवून टाका’ असे सांगणारा, मनाने तसा वाईट नसलेला एक हवालदार. त्याच्या दृष्टीने एक काच फुटली होती आणि काचेला किंमत असते. केसांवरून हसण्याला काय किंमत असणार? त्या दुकानातल्या लोकांनाही आपण काही भयंकर करतो आहोत असे वाटले नसावे. रोज रस्त्याने जाणाऱ्या ‘त्या’ पोरांना ते तसेच काहीबाही बोलत असणार आणि पोरे मान खाली घालून जात असणार. त्या दिवशी एकाने मान खाली घातली नाही.

निडोच्या मृत्यूनंतर जंतरमंतरवर मोठी निदर्शने झाली आणि केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला. वंशावरून हिणवणे आणि त्यातून होणारी हिंसा यांसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलमे घाला, असे तिने सुचवले होते. ती कलमे आली नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला आणि गंभीर दुखापतीला वेगळी तरतूद आहे, हे खरे. म्हणजे पाच माणसे जमून एखाद्याचा जीव घेतील किंवा त्याला गंभीर जखमी करतील तिथून कायदा जागा होतो. लाजपतनगरचे ते दुकान, ते हसणे आणि ती काच अजूनही समझोत्याच्याच हद्दीत आहेत. आणि गंमत अशी, की जगाच्या व्यासपीठावर या विषयावर आपल्याइतका जुना आवाज क्वचितच कोणाचा असेल. 1893 मध्ये पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर गांधीजींना डब्यातून उतरवले गेले ही गोष्ट आपण शाळेपासून पाठ करतो, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वंशभेदाचा प्रश्न 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पहिल्यांदा मांडला तोही भारतानेच.

दिल्ली लांब आहे, असे कोणी म्हणेल. मग 2012 चा ऑगस्ट आठवावा. आसाममध्ये कोक्राझारच्या भागात जुलैत हिंसाचार झाला, त्याचा सूड देशभरातल्या ईशान्येकडच्या लोकांवर घेतला जाणार अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या, आणि पुण्यात खरोखरच काही तरुणांना गाठून मारहाण झाली. आसामशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मणिपुरी मुलांनाही मार बसला, कारण मारणाऱ्याने चेहरा पाहिला होता आणि तेवढे त्याला पुरेसे होते. बंगळुरूहून गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने दिवसाला पाचच एसएमएस पाठवण्याचे बंधन पंधरा दिवसांसाठी घातले. माझ्या कार्यालयात गुवाहाटीजवळचा एक मुलगा होता, हिशेबाच्या कामात अतिशय पक्का; त्याला पोहोचवायला मी पुणे स्टेशनवर गेलो होतो.

फलाटावर त्याच्यासारखी शेकडो मुले होती. सुट्टीला गावी जाणारा माणूस नेमके सामान नेतो. या मुलांनी जे हाताला लागेल ते बरोबर घेतले होते. एकाकडे गिटार होती, एकीने भात शिजवायचा कुकर गाठोड्यात बांधून मांडीवर धरला होता, एकाच्या हातात नुसतीच उशी होती. पोलीस ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, की घाबरू नका, शहर सुरक्षित आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगत होते. पण त्या घोषणेच्या वेळी आम्हा पोहोचवायला आलेल्यांच्या आणि त्यांच्या मध्ये जी शांतता होती ती मला अजून पेलत नाही. हावड्याच्या गाडीत तो कसाबसा चढला आणि खिडकीतून त्याने मला खोलीची किल्ली दिली. ‘सर, पंखा आणि शेगडी माझी आहे, घरमालकाला सांगा,’ इतकेच तो बोलला. तो परत आला नाही. घरमालकाने पंखा आणि शेगडी थकलेल्या भाड्यात वळती करून घेतली. नोटीस न देता खोली सोडली ना, असे त्याचे म्हणणे होते, आणि भाडेकराराच्या कागदावर ते बरोबरही होते.

पुढे 2020 च्या 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळे गॅलरीत उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजवत होतो. त्याच रात्री दिल्लीत रस्त्याने जाणाऱ्या एका मणिपुरी तरुणीच्या अंगावर एका माणसाने ‘कोरोना’ म्हणत पानाची पिंक टाकली. पुढच्या महिन्यात मुंबईत कालिन्याला दुसऱ्या एका मणिपुरी मुलीवर असेच कोणी थुंकले. मे महिन्यात कोलकात्याच्या रुग्णालयांतल्या दीडशेहून अधिक मणिपुरी परिचारिका नोकरी सोडून गावी निघून गेल्या. लोकांची वागणूक हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या त्यांत या होत्याच.

मला माहीत आहे, इथे वाचकांपैकी कोणी थांबून विचारेल, की लाजपतनगर आणि नोएडासाठी गळा काढणाऱ्याला भंडारा जिल्हा दिसत नाही का. प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते या सगळ्याचे मूळ तिथेच आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या आईची, मुलीची आणि दोन मुलांची गावाने मिळून हत्या केली. कित्येक दिवस बाकीच्या महाराष्ट्राला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा आधी त्याला अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला, आणि दलित समाज हजारोंनी रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना त्याचा आकार कळला. त्यातही मोर्चातल्या दगडफेकीचा निषेध आधी आणि हत्याकांडाचा नंतर, असा क्रम मी चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकला आहे. खटल्यात अखेर जन्मठेपा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा ना सत्र न्यायालयाने लावला ना उच्च न्यायालयाने; जातीचे नाव न घेता तो निव्वळ खून ठरला. ‘याला वंशद्वेष म्हणू नका’ हे वाक्य आपल्याला दिल्लीहून शिकावे लागलेले नाही. गावातच कोणाचे मरण आपले आणि कोणाचे वेशीबाहेरचे हे ठरवायला जो समाज पिढ्यान्‌पिढ्या शिकला आहे, त्याला अरुणाचलचा चेहरा किंवा काँगोचा रंग परका ठरवायला कितीसे कष्ट पडणार? त्या हत्याकांडातून एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे 2017 च्या जानेवारीत वारले. ओलेथच्या गोळीबाराआधी जेमतेम महिनाभर. आमच्या गटावर त्या दिवशी काय होते ते मी आता मागे जाऊन पाहिले: मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो.

रंगाचे म्हणाल तर आपण त्यावर कधी फार विचार केला असे वाटत नाही. ज्या विठोबाच्या पायावर डोके ठेवायला लाखो लोक शेकडो मैल चालतात तो काळा, आणि त्याच घरांतून सुनेसाठी दिलेल्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द शिक्षणाच्याही आधी. हबशी म्हणून ज्याची पोरांना भीती घालायची, त्या लोकांतला एक, मलिक अंबर, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला, निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी (पुढचे औरंगाबाद) नावाचे शहर त्याने वसवले, त्याला नहरींनी पाणी आणले, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि दोन मोठ्या फौजांचा त्या लढाईत पराभव झाला. मराठ्यांचा इतिहास सांगताना हे वाक्य आपण टाळत नाही; फक्त त्यातला माणूस काळा होता, आफ्रिकेचा होता, हे डोळ्यांसमोर आणत नाही. चारशे वर्षांपूर्वी या मातीने त्याला वजीर केले. आज त्याच्या वंशाचा विद्यार्थी पुण्यात खोली शोधायला निघाला तर त्याला किती दारे बंद होतात, हे कोणत्याही एजंटला विचारावे.

एजंटलाच कशाला, मी आमच्या सोसायटीचे सांगतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा आणि क्रीमची बिस्किटे, पाण्याच्या टाकीच्या गळतीवर तासभर चर्चा. मग भाडेकरूंचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेचा मालक बंगळुरूला असतो. त्याने दोन परिचारिकांशी भाड्याचे ठरवत आणले होते. एक मिझोरामची, एक मणिपूरची, दोघी जवळच्याच रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या.

‘त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स घेतली का?’ एका काकांनी विचारले.

‘काका, मणिपूर भारतात आहे,’ मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला. थोडे हसू झाले.

‘ते माहितीये रे मला,’ काका म्हणाले, ‘पण तरी घेतलेली बरी.’

मग एका वहिनींनी वासाचा मुद्दा काढला. हे लोक आंबवलेली मासळी खातात, जिन्यात उभे राहवत नाही, असे त्यांच्या बहिणीच्या सोसायटीतले अनुभव होते. या वहिनी मूळच्या मालवणकडच्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्याकडे सुकट भाजली की तीन मजले कळते. आमच्या सोसायटीत त्यावर कधी कोणी अवाक्षर काढलेले नाही, काढूही नये. (काही सोसायट्यांत त्यावरही ठराव होतात, हे ऐकून आहे.) कोणी रात्रपाळीचे येणे-जाणे काढले, कोणी ‘त्यांच्याकडे मित्र येतात’ म्हणाले. आवाज कोणाचा चढला नाही. कोणी एक वाईट शब्द वापरला नाही. उलट ‘आपलं त्यांच्याशी काही वैर नाही, मुली कष्टाळू असतात’ असेही दोघे-तिघे म्हणाले, आणि त्याच सुरात ठरले, की परदेशी व तत्सम व्यक्तींना भाड्याने जागा देण्यापूर्वी कार्यकारिणीची लेखी परवानगी लागेल. तत्सम म्हणजे कोण, हे कोणी विचारले नाही, कारण सगळ्यांना कळले होते.

मी उभा राहून म्हणालो, की माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो नोंदवून घ्या. सचिवांनी ‘घेतो की’ म्हटले. ते सज्जन गृहस्थ आहेत. माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री दोन वाजता त्यांनी स्वतःची गाडी काढली होती. मला या माणसांबद्दल राग लिहिता येत नाही तो यामुळे, आणि जे दाटून येते ते रागापेक्षा जड आहे. लाजपतनगरच्या दुकानात जे हसले तेही त्यांच्या गल्लीतल्या आजाऱ्यासाठी गाडी काढणारेच असतील. रक्तापर्यंत पोहोचणारी वाट सुरुवातीला किती सपाट, किती ओळखीची आणि चहा-बिस्किटांची असते, हे त्या पार्किंगमध्ये बसून पाहिल्यापासून मला दंगलखोर नावाची वेगळी जमात असते यावर विश्वास ठेवता येईनासा झाला आहे. मालकाने परवानगीच्या भानगडीत न पडता इंदूरच्या एका जोडप्याला जागा दिली. त्या दोघींना दोन-अडीच किलोमीटर पलीकडे खोली मिळाली असे नंतर कळले; भाडे जास्त आहे आणि रात्रपाळीहून परतताना शेवटचा टप्पा चालावा लागतो, जिथे दिवे नाहीत.

इतिवृत्त महिन्याने सूचनाफलकावर लागले. भाडेकरूंच्या ठरावापुढे ‘सर्वानुमते मंजूर’ असे होते. मी सचिवांना भेटलो, तर ते म्हणाले, की एकट्याच्या विरोधासाठी मतदान झाले असे दाखवावे लागले असते, उगाच कागद वाढतो. मी रीतसर पत्र दिले आहे, त्याच्या प्रतीवर शिक्का मारून पोचही घेतली आहे. दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेत ठेवू, असे आश्वासन मिळाले. सभा सप्टेंबरात असते. तोपर्यंत नोंदवहीत मी त्या ठरावाच्या बाजूनेच आहे.